मैना रस्त्यातच उभी

परवेजचं फ्लेक्सचं दुकान अमरावतीत, अन् खोड्यांचं दुकान तो उभा राहील तिथं. मागं त्यानं वलगावच्या किशोरचा, म्हणजे आपल्या शाळेतल्या दोस्ताचा, 'बिनविरोध सरपंच' म्हणून हात जोडलेला फोटो चौकात टांगला होता. निवडणूक नव्हती, काही नव्हतं. तरी लोक नळाच्या तक्रारी घेऊन किशोरच्या ओसरीत येऊन बसले. पन्नाशी उलटली, पण गड्याची खोड काही गेली नाही.

या किशोरची बायको सुभद्रा. तिनं एक कादंबरी लिहिली होती, 'ओल्या पऱ्हाटीचा धूर'. नातेवाइकांनी ती आहेरासारखी घेतली अन् आहेरासारखीच कपाटात कोंबली. उरलेल्या प्रती दिवाणाखाली. दुसरी कादंबरी लिहून पेटीत पडली होती, पण सुभद्रा ती छापायचं नाव घेत नव्हती.

"आपले लोक गोड बोलतातच परवेजभाऊ," ती म्हणाली. "एखाद्या अनोळखी माणसानं वाचलं असतं तर गोष्ट वेगळी होती. नाई वाचलं कोणी. झालं."

हे परवेजला लागलं. दुसऱ्याच रविवारी तो मोबाईल घेऊन वलगावला हजर. वाचकांची एक साइट आहे, तिथं लेखकाला आपलं पान उघडता येतं, हे त्याला भाचीकडून कळलं होतं. सुभद्राचं पुस्तक तिथं आधीच कोणीतरी चढवलेलं दिसलं. लेखिकेच्या नावापुढं मात्र सगळं रिकामं.

"वहिनी, जन्मतारीख सांगा."

"कावून? पत्रिका जुळवून राहिले काय ते?"

"फोटो पाह्यजे."

"आधार कार्डाचा लावा."

"तो लावला तर वाचक पळतीन ना!"

सुभद्रा ताठ बसली, जशी काही पोलीस ठाण्यात. परवेज दोनदा खाली बसला, दोनदा उठला, मग एकदम ओरडला, "अरे बाप्पा! किशोर भांडे घासून राहिला!" ती खळखळून हसत मोरीकडं वळली, अन् तेवढ्यात त्यानं बटन दाबलं. फोटो असा आला की किशोरही दोन मिनिटं पाहत राहिला.

"आता साइट म्हणते, स्वतःबद्दल लिहा."

"लिहा, वलगावले राहते."

"अन् पुढं?"

"पुढं काय? राहतेच ना मी."

तेवढंच लिहिलं.

आता इथं परवेज थांबला असता तर तो परवेज कसला? आठवडाभरात त्या पानावर दोन वाचकांनी कौतुक केलं. एक सिंगापूरच्या रागिणीताई, अन् एक लंडनचे डॉ. पंजाबराव. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, 'लय झकास पुस्तक आहे बाप्पा, इकडच्या थंडीत शेकोटीच जनू.'

सुभद्राचा फोन आला. "तुमच्या डॉक्टरले सांगा, लंडनमंदी बाप्पा जरा कमी म्हन."

परवेज पोट धरून हसला. पण पलीकडून हसू आलं नाही.

"गंमत कळते मले," ती हळूच म्हणाली. "पण माणसं खोटी बनवायची पाळी आली ना पुस्तकावर. बंद करा ते पान."

परवेजचा चेहरा उतरला. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो पान बंद करायला बसला. बटन शोधता शोधता त्याला एका कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. लेखिकेला विचारलेला एक प्रश्न उत्तराची वाट पाहत होता. पान उघडायच्या कितीतरी आधी, आठ महिन्यांपूर्वी विचारलेला. खाली नाव, गजाला, तेल्हारा.

'मॅडम, पुस्तक अकोल्याच्या प्रदर्शनात घेतलं. मी सासूबाईंना वाचून दाखवते. पान ८० वर मैना लेकरू घेऊन कापसाच्या जिनिंगमधून अंधारात निघते, मागे वळून पाहते, आणि पुढे एकदम पान ९७, तिथे कोणाची तरी हळद चालू आहे. मधली पानंच नाहीत. मैना घरी पोचली का? सासूबाई रोज विचारतात.'

परवेजनं स्कूटरला किक मारली ती थेट वलगावला.

सुभद्रानं वाचलं अन् मोबाईल परत दिला. "हेई तुमीच लिहिलं."

"आईची शपथ, वहिनी."

"लंडनचा डॉक्टरई तुमीच लिहिला होता."

"तारीख पाहा ना! आठ महिने झाले."

"ज्यानं निवडणुकीबिगर सरपंच केला, त्याले तारीख काय जड आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा परवेज खरं बोलत होता अन् ऐकणारं कोणी नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं, कपाळ पुसलं. एकच वाट होती, अन् ती फार वाईट होती.

"वहिनी, हे मी लिहूच शकत नाई."

"कावून?"

"मैना कोण, हेच मले ठाऊक नाई."

"म्हणजे?"

"पुस्तक मी उघडलंच नाई अजून."

किशोरच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण या माणसानं प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगितलं होतं की वहिनीचं पुस्तक वाचून मी तीनदा रडलो. सुभद्रा त्याच्याकडं टक लावून पाहत राहिली. परवेजला वाटलं, आता ही रडते. पण तिनं तोंडाला पदर लावला अन् खांदे हलायला लागले. हसत होती. हसता हसता डोळे पुसले, मग मोबाईल पुन्हा मागून घेतला अन् तो प्रश्न सावकाश, ओठ हलवत वाचला.

मग दिवाणाखालून एक गठ्ठा ओढला. पहिली प्रत नीट होती, दुसरीही. तिसरीत ऐंशीनंतर सत्त्याण्णव. बांधणीवाल्याकडून मधला सोळा पानांचा फर्मा राहिला होता, अन् असलीच एक प्रत तेल्हाऱ्याला गेली होती.

"आठ महिने," ती पुटपुटली. "बाईले मी आठ महिने रस्त्यात उभी करून ठेवली."

"लिहून टाकू उत्तर, पोचली म्हणून?" परवेजनं विचारलं.

"असं कसं एका शब्दात? तुमच्या दुकानाची व्हॅन चालू आहे ना?"

दर्यापूर, अकोट करत तेल्हाऱ्याला पोचायला दुपार झाली. साइटवरूनच विचारल्यावर पत्ता गजालानं लगेच पाठवला होता, पण येणारी बाई खरंच लेखिका आहे यावर तिचाही भरवसा नव्हता. दारात तिनं मोबाईलमधला फोटो पाहिला, मग सुभद्राकडं पाहिलं. "या ना, या," म्हणत ती एकदम बाजूला झाली.

आत खाटेवर तिची सासू, अनवरीबी. नजर जवळपास गेलेली. सून कानाशी वाकून काही बोलली, तशी म्हातारीनं हात पुढं केला अन् सुभद्राचं मनगट घट्ट धरलं. सलाम नाही, पाणी नाही.

"बेटा, ते पोट्टी घरी गेली का नाई?"

"वाचून दाखवते," सुभद्रा म्हणाली.

ती खाटेच्या कडेला टेकली अन् पान एक्क्याऐंशी उघडलं. आवाज आधी कापला, मग लागला. परवेज उंबऱ्यात बसून ऐकत होता. अंधारात दोनच कंदील, मागून येणारी बैलगाडी, गाडीवानाचं खोकणं, लेकराच्या तोंडावर धरलेला मैनेचा हात. तोंडाशी आलेली एक टिंगल त्यानं गिळली अन् नीट ऐकू यावं म्हणून पुढं सरकला. मैना घरी पोचली तेव्हा अनवरीबीनं मोठा श्वास सोडला. मनगट मात्र सोडलं नाही.

"अन् दुसरं? दुसरं लिहिलं का नाई तू?"

परवेजनं सुभद्राकडं पाहिलं. गजालानंही पाहिलं.

"लिहिलं आहे," सुभद्रा म्हणाली. "छापून आलं की पहिलं इथंच आणते. पानं मोजून."