उजव्या कानातली ताई

हे कुणालाही पटणार नाही. पटलं तर मलाच वाईट वाटेल, कारण पटण्यासारख्या गोष्टी सांगायला आमच्या गल्लीत पुष्कळ माणसं आहेत. सूनबाईलाही मी त्या दुपारी हे आधीच सांगून टाकलं. खाली गाडी उभी होती, मुलगा तिच्यात माझं सामान रचत होता, आणि मी काही खुर्चीतून उठत नव्हतो.

"बाबा, काल तर येतो म्हणालात," सूनबाई म्हणाली. "आमच्याकडे खोली लावून ठेवलीय. आज असं काय झालं? कारण तरी सांगा."

"सांगतो. पण मग बसून ऐकावं लागेल."

उरलेल्या एका सुटकेसवर ती टेकली, माझ्या उजव्या हाताला. मी लोकरीची टोपी कानांवर नीट ओढली आणि सुरुवात केली.

माझं कानाच्या मशीनचं दुकान होतं, हे तिला ठाऊकच होतं. कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं मी दुरुस्त करायचो. हात असा, की विचारू नका. एका गृहस्थाला मशीन लावून दिलं, तर त्याला समोरच्या इमारतीतल्या मांजराची पावलं ऐकू यायला लागली. झोप उडाली म्हणून भांडायला आला. मी स्क्रू जरासा फिरवला. मांजर बंद झालं, फक्त बायको ऐकू यायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणाला, मांजरच बरं होतं.

"हे मी लग्न ठरल्यापासून ऐकतेय," सूनबाई म्हणाली. "पुढे."

पुढे माझी मोठी बहीण. सूनबाई घरात यायच्या आधीच ती गेली. ताईला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे आणि उजव्याने जेमतेम. त्यामुळे समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकून घ्यायच्या भानगडीत ती पडत नसे. सरळ सल्ला देऊन मोकळी व्हायची. आणि गंमत म्हणजे तो लागू पडायचा. 'उसनी आणलेली शिडी त्याच दिवशी परत कर.' 'रागात असशील तेव्हा केस कापायला बसू नकोस.' 'पाहुणे चपला घालताना जे बोलतात, त्यासाठीच आलेले असतात, तेवढं नीट ऐक.' 'किल्ली हरवली तर आधी खाली बस, मग शोध.' तिच्या घरातून बाहेर पडलेला माणूस असं एखादं वाक्य खिशात घालूनच जायचा, मग तो गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला का असेना.

तिचं मशीन मीच केलेलं. कानात बसतो तो साचा तिच्या कानाचं माप घेऊन बनवलेला. आता साचा म्हणजे कवळीसारखा. एकाचा दुसऱ्याला होत नाही. एकतर टोचतो, नाहीतर गळून पडतो. चष्मा नसला की ताईला मशीनची बाहेरची बाजू कळायची नाही, म्हणून लेकीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका तिने त्या बाजूला देऊन ठेवला होता.

ताई गेली, आणि थोड्या दिवसांनी दाजी दुकानात आले. रुमालात गुंडाळलेलं मशीन त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे आवाज करतंय," ते म्हणाले.

"दाजी, बॅटरी काढून ठेवा. शिट्टी वाजायची बंद होईल."

"शिट्टी नाही रे. बोलतंय."

मी बॅटरीचं झाकण उघडलं. आत बॅटरी नव्हतीच, नुसता हिरवट गंज. तरी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी तपासायची नळी लावली आणि दुसरं टोक माझ्या कानात धरलं. आत एक स्वयंपाकघर होतं. ऐकू येत होतं, म्हणजे. नळ ठिबकत होता. भांड्यावरचं झाकण वाफेने थडथडत होतं. मग ते थांबलं, आणि बोलण्याआधी माणूस घेतो तसा कुणीतरी श्वास आत घेतला. मी नळी काढून टाकली.

"काही ऐकू येत नाही," मी दाजींना म्हटलं.

"नळीने कसं येईल? कानात घालावं लागतं," दाजी म्हणाले, आणि त्यांनी ते उजव्या कानात घातलं. टोचलं नाही, गळलं नाही. जणू त्यांच्याच कानाचं माप घेऊन केल्यासारखं बसलं. इतकी वर्षं धंदा केला, असं कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतेय ताई?" मी विचारलं.

"म्हणतेय, उभ्या उभ्या जेवत जाऊ नकोस."

सुरुवातीला माणूस असा सुधारला की बघत राहावं. बायको गेल्यावर बिस्किटांवर दिवस काढणारे दाजी वेळेवर जेवायला लागले. शेजाऱ्याशी गच्चीच्या दारावरून चाललेलं जुनं भांडण मिटलं, कारण आतून आवाज आला, 'उपाशीपोटी कुणाला उत्तर देऊ नकोस.' डॉक्टरकडे जाऊन आले, कारण आवाज म्हणाला, 'दुखणं वर्णन करून सांगू नकोस, बोट ठेवून दाखव.' मला तर हेवा वाटला. माझी बायको जिवंत होती आणि इतकं मोजकं कधी बोलत नव्हती.

मग वाक्यं बदलली. दाजी फोनवर मला कौतुकाने सांगायचे. 'दार वाजलं की लगेच उघडू नकोस. गरज असेल तो पुन्हा वाजवेल.' ठीक आहे, शहाणपणच आहे. पुढच्या आठवड्यात, 'दुसऱ्यांदा वाजवलं तरी थांब.' मग, 'पडदे ओढून घे, उन्हाने सामान विटतं.' मग फोन यायचेच बंद झाले. का, ते मला नंतर कळलं. 'बोललेलं शिल्लक राहत नाही, कमी बोल.'

हो, हो. थांब गं, सांगतोय ना मी.

"मी काही बोलले नाही, बाबा," सूनबाई म्हणाली.

मी टोपी पुन्हा खाली ओढली आणि पुढे गेलो.

एका सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, मी बाबांना न्यायला आलेय. ते येतो म्हणाले होते. आता दार उघडत नाहीत, आणि आतून हसल्याचा आवाज येतोय."

जादा किल्ली माझ्याकडे होती. भाचीला खाली गाडीत बसवलं आणि मी एकटा आत गेलो. बाहेर लख्ख ऊन आणि घरात कपाटाच्या आत असतो तसला अंधार. जेवायच्या टेबलाशी दाजी बसले होते. समोर दोन ताटं. एक खाऊन झालेलं, दुसरं वाढून तसंच. त्या ताटातला भात अजून गरम होता. त्यातून वाफ निघत होती. दाजींना भात करता येत नव्हता.

"दाजी, लेक खाली उभी आहे," मी म्हटलं.

"माहितेय. ही म्हणते, मुलांकडे राहायला गेलेला माणूस पाहुणा होतो. आपल्या खुर्चीत बसावं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

दाजींनी मान कलती केली, उजव्या बाजूला, ऐकल्यासारखी. बराच वेळ. मग म्हणाले, "थांब, विचारतो."

ताटापेक्षा, वाफेपेक्षा मला त्याची भीती वाटली. स्वतःला काय वाटतं, हेही माणूस विचारून सांगणार होता.

मी त्यांचा कान धरला आणि मशीन ओढलं. येईना. गोगलगाय भिंतीवरून सोडवताना लागतो तसा जोर लावावा लागला. निघालं तेव्हा ऊन ऊन होतं आणि माझ्या बोटांत किंचित हलल्यासारखं वाटलं. दाजी उठले, दारापर्यंत आले आणि चपलांपुढे उभे राहिले. नुसते उभे.

"आधी कुठला पाय घालू?" त्यांनी मला विचारलं. डोळ्यांत पाणी होतं.

"डावा," मी म्हटलं.

डावा घातला. मग उजवा त्यांचा त्यांनी घातला. जिन्याने खाली उतरले, आणि लेकीने गाडीचं दार उघडलं तेव्हा पुढे बसायचं की मागे, हे कुणालाही न विचारता पुढे जाऊन बसले. पुढची किती वर्षं तिकडे मजेत राहिले. नातीला सायकल शिकवताना पडले, हात मोडून घेतला. चुकीच्या माणसांशी दोस्ती केली. केस रागात कापून घेतले, ते फार वाईट दिसले. आनंदात गेले.

"आणि ते मशीन?" सूनबाईने विचारलं.

"दुकानात नेलं, ऐरणीवर ठेवलं आणि हातोडीने पूड केली. ती पूड वाहत्या गटारात सोडली. त्या दिवसापासून या विषयाला हात लावलेला नाही."

खालून मुलाने हॉर्न वाजवला. पडदे मी सकाळीच ओढले होते, त्यामुळे तो दिसला नाही.

"गोष्ट छान आहे," सूनबाई म्हणाली. "पण यात तुम्ही न येण्याचं कारण कुठे आहे?"

"कारण सरळ आहे. मुलांकडे राहायला गेलेला माणूस पाहुणा होतो. आपल्या खुर्चीत बसावं."

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. मी जागचा हललो नाही. ती उठली, माझ्या खुर्चीमागून फिरून डाव्या बाजूला येऊन वाकली आणि त्या कानाशी, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"पूड केलीत म्हणता, बाबा. मग टोपीखाली उजव्या कानात तो लाल ठिपका कसला आहे?"