रिकामा खिळा

मी पितळेचा एक बिल्ला. नाणे नव्हे, पदक तर मुळीच नव्हे; माझ्या अंगावर फक्त 'सतरा' हा आकडा आहे. डोंगरावरील राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी लाकडी फळा आहे आणि त्यावरचा एक खिळा हे माझे घर. मात्र घरात माझे मन रमत नाही. जरा वारा सुटला, की मी फळ्यावर टकटक करू लागतो.

जुन्या नळांचे पितळ वितळवून मला घडवले. कारागिराने माझ्यावर आकडा ठोकला, फुंकर मारली आणि तो म्हणाला, "जा बाबा, हरवू मात्र नकोस."

येथील नियम साधा आहे. डोंगर चढणाऱ्याने एक बिल्ला गळ्यात घालायचा आणि उतरल्यावर स्वतःच्या हाताने तो खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा असेल, तर कोणीतरी अजून वर आहे. सगळे खिळे भरले, की फाटकवाले काका कुलूप घालतात.

त्या दिवशी मी एका धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडलो. सोबत तिची ताई आणि भाऊजी होते. भाऊजींनी दिवसाची काटेकोर आखणी केली होती. धबधब्यापाशी इतका वेळ, पठारावर तितका. धाकटी मात्र दर वळणावर रेंगाळत असे.

"भाऊजी, आपण डोंगर पाहायला आलोय की हजेरी द्यायला?"

"धाकटीबाई, कारभार तुमच्या हाती दिला तर उद्याच घरी पोहोचू!"

उतरताना तिला उकडू लागले. मला जाकिटाच्या खिशात टाकून तिने ते भाऊजींच्या हाती दिले. "तुम्ही व्हा पुढे. मी वरचं तळं पाहून आलेच," असे म्हणून ती निघालीसुद्धा. तिची पावले वर चालली होती आणि मी खाली. खिशात माझा जीव खालीवर होऊ लागला.

फाटकाशी पोहोचताच ताई आपला बिल्ला भाऊजींच्या हाती देऊन नळावर हातपाय धुवायला गेली. इकडे भाऊजींनी फळ्यापुढच्या रांगेत उभे राहून तिन्ही बिल्ले एकदम खिळ्यांना लावले आणि समाधानाने हात झटकले. मी खिळ्यावर परतलो होतो. माझे माणूस परतले नव्हते! मी टकटक करत राहिलो, पण वाऱ्यात तर सगळेच बिल्ले वाजतात. ते कोण ऐकणार?

सूर्य कड्याआड गेला. दोघांचा चहा केव्हाच संपला होता. काकांनी कुलूप उचलले, तशी ताई धावत आली.

"काका, थांबा! माझी बहीण वर आहे."

"ताई, फळा भरलाय. हा बघा, मी तिला दिलेला सतरा नंबरही आलाय. गाडीपाशी असेल तुमची बहीण."

मी खोटी साक्ष देत होतो आणि मला तोंड नव्हते. ताई गाडीपर्यंत जाऊन धापा टाकत परतली. गाडीपाशी कोणीही नव्हते. तिने माझ्याकडे रोखून पाहिले.

"अहो, हिचा बिल्ला कोणी लावला?"

भाऊजींचा चेहरा उतरला. "मीच. खिशात होता. म्हटलं, तिला पुन्हा रांगेत कशाला उभं करायचं..."

ताईने मला असे हिसकले, की माझी कड वाकली. "आता बघा काका! भरलाय का फळा?"

रिकाम्या खिळ्याकडे पाहताच काकांनी कुलूप खाली ठेवले आणि दोर व कंदील उचलला. ताईच्या घट्ट मुठीत मी पुन्हा डोंगर चढलो. भाऊजींचा हाका मारून मारून घसा बसला.

तळ्याच्या अलीकडे ती दगडावर बसली होती. घोटा टम्म सुजला होता आणि थंडीने ओठ थरथरत होते.

"भाऊजी, हजेरीला उशीर झाला," ती म्हणाली.

भाऊजी तिच्यापाशी गुडघे टेकून बसले. त्यांनी जाकीट तिच्या अंगावर घातले आणि मला तिच्या गळ्यात. फाटकाशी पोहोचल्यावर काकांनी तिला खांद्याचा आधार देऊन फळ्यापाशी उभे केले. तिने स्वतःच्या हाताने मला खिळ्याला लावले, तेव्हाच कुलूप लागले.

वाकलेल्या कडेमुळे मी आता फळ्याला चिकटून बसत नाही. पूर्वीपेक्षा जास्तच वाजतो. वाजू द्या. एवढीच विनंती, की मायेपोटी किंवा घाईपोटी मला कोणी आधी घरी पोहोचवू नये. माझे माणूस वर असेल, तोवर माझा खिळा रिकामा राहू द्या.