जिन्याला विचारा, सुईला नाही

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे, आणि मला राग आलेला आहे. तुम्ही म्हणाल, सुईला कसला राग? टोचणं हाच तर तिचा धंदा. खरं आहे. पण आजवर मी ज्यांना टोचलं त्यांच्या भल्यासाठी टोचलं. आज मी जे बोलणार आहे तेही तसंच समजा.

मी कपडे शिवणारी सुई नाही. मला नाक नाही, दोरा ओवायला भोक नाही. मी अॅक्युपंक्चरची सुई आहे. तुमच्या दोन बोटपेरांएवढी माझी लांबी आणि केसाहून थोडी जास्त जाडी. मुठीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आहे. ज्या कारागिरानं मला घडवलं तो खिडकीपाशी बसून दगडावर माझं टोक घासायचा आणि मग स्वतःच्याच दंडात टोचून बघायचा. त्याच्या कपाळाला आठी पडली की मी परत दगडावर. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तो नुसताच खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग त्यानं मला कापसात ठेवलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

तिथून मी एका डॉक्टरबाईंकडे आले. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. एक खाट, एक स्टूल, सुया उकळायचा डबा आणि भिंतीवर माणसाच्या आकृतीचा एक तक्ता. खोलीकडे यायला अठरा पायऱ्यांचा अरुंद जिना. लोक म्हणत, बाई, खाली जागा बघा, दुखणाऱ्या माणसांना हा जिना कशाला? बाई ऐकायच्या नाहीत. जिन्याच्या वरच्या तोंडाशी त्यांनी एक लाकडी खुर्ची टाकली होती. नवा माणूस आला की तिथे बसून तो कसा चढतो ते बघायच्या. कोण पाय ओढतो, कोण कठड्याला लटकतो, कोण कितव्या पायरीवर थांबतो आणि थांबल्यावर हात कुठे नेतो. अर्धी तपासणी तिथेच व्हायची. मग आत आणून प्रश्न. कधी दुखतं, काय केल्यावर दुखतं, काय केल्यावर थांबतं. एवढं झाल्याशिवाय आमच्या डब्याचं झाकण उघडत नसे. कितीतरी माणसांना त्यांनी एकही सुई न लावता मोठ्या दवाखान्यात पाठवून दिलं. तेव्हा मला ते अपमानाचं वाटायचं. मूर्ख होते मी.

पंधरा वर्षांपूर्वी एक पोस्टमन आला. गप्पा मारतच अठरा पायऱ्या चढला, न थांबता. पण वर येऊन दाराच्या वरच्या चौकटीला हात लावायला सांगितल्यावर डावा हात खांद्याच्या वर जाईना. टपालाची पिशवी तो वर्षानुवर्षं डाव्याच खांद्यावर घ्यायचा. बाईंनी मला त्याच्या हाताच्या पंजावर, अंगठ्याजवळ टोचलं.

तो म्हणाला, "बाई, दुखतंय वर आणि सुई खाली?"

"तुम्ही पत्र टाकता ते एका दारात, पण बातमी सगळ्या घराला कळते ना? तसंच आहे हे. बहुधा."

बाईंचा हा 'बहुधा' फार आवडता होता. मला सावकाश फिरवत त्या समजावून सांगायच्या. सुई आत गेली की भोवतालचं मांस तिला किंचित धरतं. त्या जागी जड, ठसठसल्यासारखं वाटतं. तिथल्या नसा ती खबर पाठीच्या कण्यातून मेंदूकडे पोचवतात. मग मेंदू स्वतःजवळची वेदना शमवणारी द्रव्यं सोडतो आणि कण्यातून वर येणाऱ्या दुखण्याच्या खबरी थोड्या अडवून धरतो. सुईच्या टोकाशीही एक द्रव्य तयार होतं, ते जवळच्या नसांना शांत करतं. शिवाय माणूस अर्धा तास निवांत पडलेला असतो, कुणीतरी त्याचं मन लावून ऐकलेलं असतं, आणि आता बरं वाटणार अशी त्याला आशा असते. त्या आशेनंही मेंदू तीच द्रव्यं सोडतो. काही अभ्यासांत आत न शिरणाऱ्या खोट्या सुया लावल्या, तरी पुष्कळांना आराम पडला, हेही बाई लपवत नसत. यातलं माझं किती आणि आशेचं किती, ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे.

सहा वेळा मी त्या पोस्टमनला टोचलं. बाईंनी त्याला भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला आणि पिशवी उजव्या खांद्यावर घ्यायला लावली. खांदा मोकळा झाला. पोस्टमननं गावभर सांगितलं की बाईंच्या सुईत जादू आहे. भिंतीचं आणि पिशवीचं नाव कुणी काढलं नाही. मी मात्र फुगले होते, खोटं कशाला बोलू?

पुढे एकदाच वापरून टाकून द्यायच्या पाकीटबंद सुया आल्या. बाईंनी आम्हाला कामातून काढलं. एकाची सुई दुसऱ्याला नकोच, उकळलेलीसुद्धा नको, असं त्या म्हणाल्या. बरोबरच होतं ते, पण मला फार वाईट वाटलं. माझ्या अकरा बहिणी टाकून दिल्या गेल्या. मला आठवण म्हणून मखमलीवर चिकटवून, काचेच्या चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. तिथून मला खाट दिसते आणि दार उघडं असलं तर जिन्याच्या वरच्या सात पायऱ्या दिसतात.

मग बाईंचे हात कापायला लागले आणि त्यांचा भाचा आला. शिकलेला आहे, हात हलका आहे, टोचतोही झकास. ते मी नाकारत नाही. पण पहिल्याच आठवड्यात भाचेसाहेबांनी जिन्याच्या तोंडची खुर्ची उचलून मागच्या गॅलरीत नेऊन टाकली. वाटेत येते म्हणे. बाईही तिच्याबरोबर गॅलरीत गेल्या. खाली पाटी लागली, 'शंभर टक्के वेदनामुक्ती'. 'बहुधा' हा शब्द त्या पाटीवर मावला नसावा. आणि माझ्या चौकटीला दर सोमवारी हार. झेंडूच्या पाकळ्या काचेला चिकटून बसायच्या आणि मला धड दिसायचंही नाही.

अशाच एका सोमवारी तो पोस्टमन परत आला. केस पांढरे झालेले. दारात धापा टाकत उभा राहिला.

"बाईंची सुई पाहिजे," तो म्हणाला. "जुनं दुखणं वर आलंय. हाच खांदा."

"पिशवीचा खांदा. दुसरं काय असणार?" भाचेसाहेब हसून म्हणाले. "झोपा."

झालं, एवढीच तपासणी. पोस्टमननं शर्ट काढला आणि मला दिसलं की पट्ट्याचा वळ त्याच्या उजव्या खांद्यावर होता. दुखणं डाव्या खांद्यात आणि पिशवी उजव्या खांद्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला दोन्ही नाहीत. काचेआडून सुई ओरडली तर ऐकणार कोण?

पंचवीस मिनिटं तो पडून राहिला आणि दुखणं गेलं. जाणारच होतं. ते चढल्यावर यायचं आणि बसल्यावर जायचं. त्या दिवशी नुसती उशी दिली असती तरी गेलं असतं. पण नाव सुईचं झालं. भाचेसाहेबांनी त्याचा हसरा फोटो काढून घेतला. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. दर वेळी धाप जास्त, दर वेळी पडल्यावर आराम, आणि दर वेळी माझ्याकडे बघून नमस्कार. तो नमस्कार मला कसा झोंबायचा ते माझं मला ठाऊक.

चौथ्या वेळी बाई चष्मा शोधत गॅलरीतून पुढे आल्या होत्या. दार उघडं होतं. पोस्टमन बाराव्या पायरीवर कठडा धरून उभा होता. कपाळावर घाम होता.

"का थांबलात?" बाईंनी वरून विचारलं.

"काही नाही बाई, तेच जुनं. आज जरा जबड्यापर्यंत आलंय."

"हात वर करा बघू."

त्यानं डावा हात सरळ वर केला.

"दुखला?"

"नाही."

"पिशवी कुठल्या खांद्यावर घेता?"

"उजव्या. तुम्हीच तर सांगितलं होतं."

"आणि हे चढताना येतं, बसलं की जातं?"

"हो ना. इथे येऊन पडलो की पार जातं."

बाई कठडा धरून सहा पायऱ्या उतरल्या आणि त्याला तिथेच खाली बसवलं. एक पायरीही वर येऊ दिलं नाही.

"मावशी, आत तर येऊ दे त्यांना," भाचेसाहेब दारातून म्हणाले. "दोन सुया लावतो, तोवर—"

"एकही नाही. खाली सांग, गाडी काढा म्हणावं. हा खांदा नाही, हृदय आहे."

सायकलवाल्यानं आपल्या टेम्पोतून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजली होती. तिथल्या डॉक्टरांनी मनगटातून तार आत सरकवून ती उघडली. माझी लांबची बहीणच म्हणा ती तार, पण अक्कल असलेल्या माणसांच्या हातात होती. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर बहुधा माणूस हाती लागला नसता.

बाईंनी संध्याकाळी भाच्याला समजावलं. हृदयाच्या आणि डाव्या हाताच्या नसा कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. मेंदूचा घोटाळा होतो आणि हृदयाचं दुखणं त्याला खांद्याचं वाटतं. भाचेसाहेब मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, शहाणे झाले.

कसले शहाणे? पंधरा दिवसांत जिन्याच्या भिंतीवर पोस्टमनचा तोच हसरा फोटो लागला. खाली मजकूर, 'आमच्या उपचारांनी हृदयरुग्णाला जीवदान'. कोपऱ्यात माझंही चित्र होतं. मित्रांनो, मी आयुष्यात वाकले नाही, पण त्या दिवशी मोडून पडावंसं वाटलं. ज्याला आम्ही तीन वेळा गुंगवून मरणाच्या दारात पाठवलं, त्याला म्हणे आम्हीच वाचवलं.

दीड महिन्यानं पोस्टमन आला. बाराव्या पायरीवर बसला, पंधराव्या पायरीवर बसला, आणि सावकाश वर आला. हातात तो फोटोचा कागद होता, भिंतीवरून नीट सोडवून गुंडाळी केलेला. भाचेसाहेब स्टूल पुढे करायला उठले.

"बसायला नाही आलो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या खांद्यावर आलेलं दुखणं खांद्याचं नव्हतं. पत्ता चुकला होता. मला कळला नाही, मी अडाणी. तुम्ही तर शिकलेले. पस्तीस वर्षं मी चुकलेल्या पत्त्याची टपालं परत आणून देतोय. हे पण घ्या."

त्यानं गुंडाळी टेबलावर ठेवली आणि बाईंना भेटायला मागे गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी लाकडी खुर्ची जिन्याच्या तोंडाशी परत आली. तिच्यावर भाचेसाहेब बसले होते आणि खालून चढणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींकडे बघत होते. किती दिवस बसतील, मला माहीत नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि इतक्यात जाऊही नये. शंभर टक्क्यांची पाटी खाली दुकानापाशी अजून तशीच लटकते आहे.

मित्रांनो, दुखणं कमी करणं माझ्या हातात थोडंफार आहे. ते का आलं, हे मला कळत नाही. गुडघा ठणकत असेल, पाठ धरली असेल, तर खुशाल सुई लावून घ्या. पण जो तुम्हाला एकही प्रश्न न विचारता डबा उघडेल, त्याच्यासमोर झोपू नका. आणि माझ्या काचेवर हार घालू नका. मला जिन्यावरचं दिसत नाही.