सांगून दिलेला डबा

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांत एक रीत पडून गेली आहे. कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या बॅगेत आपल्यासाठी जागा आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं. पापड, मेतकूट, स्वेटर, डबे, जे असेल ते द्यायचं. आणि आत काय आहे हे नेणाऱ्याने विचारायचं नाही. विचारलं तर देणाऱ्याला राग येतो. वाचकहो, असा डबा तुम्हीही कधी ना कधी दिला असेल, किंवा नेला असेल. पुरुषोत्तम देवस्थळींनी १९८७च्या फेब्रुवारीत दिला, त्याची ही गोष्ट.

पुरुषोत्तमराव शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहत. पत्नी शरयू जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात बोलायला कुणी नसल्यामुळे ते टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला उत्तरं देत. तिने बर्फ पडणार म्हटलं की हे म्हणत, "पडू दे, मला कुठे जायचंय?"

त्यांचा कॉलेजातला जिवलग मित्र त्र्यंबक डॅलसला होता. नागपूरच्या होस्टेलात दर महाशिवरात्रीला दोघे भांगेची एकेक वडी खात आणि पोट दुखेस्तोवर हसत. अमेरिकेत आल्यावर आधी पत्रं झाली, मग नुसती दिवाळीची कार्डं. शरयू गेल्यावर त्र्यंबकचा एक फोन आला होता. त्यानंतर काही नाही.

यंदा भाच्याने भारतातून येताना सुपारीच्या डबीतून भांगेची पूड आणली. कस्टम्सवाल्याने डबी उघडलीसुद्धा नाही, त्यामुळे पुरुषोत्तमरावांची भीड चेपली. त्यांनी भांग घालून वड्या थापल्या आणि शरयूच्या स्टीलच्या डब्यात भरल्या. शिवरात्रीला त्र्यंबक डबा उघडील आणि त्याला आपली आठवण येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. एकट्या माणसाला आपली आठवण यावी म्हणूनही काहीतरी पाठवावं लागतं.

ओळखीतला अतुल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता. तो इंटरव्ह्यूसाठी डॅलसला निघाला होता.

"त्र्यंबककाकांसाठी वड्या आहेत. नेशील?"

"नो प्रॉब्लेम, काका. हँडबॅगेत ठेवतो, म्हणजे तुटणार नाहीत," अतुल म्हणाला आणि डबा घेऊन विमानतळाच्या ट्रेनकडे गेला.

अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरच्या मालिनीबाई दुधाचं पातेलं परत द्यायला वर आल्या. ओहेअर विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासण्याच्या टेबलावर त्या सहा वर्षं काम करत होत्या. त्यांचंही माहेर नागपूरचं. ओट्यावर डब्यात न मावलेल्या दोन हिरवट वड्या होत्या. त्यांनी एक हातात घेऊन हुंगली.

"देवस्थळी, बाकीच्या कुठे आहेत?"

"अतुलबरोबर डॅलसला. का हो?"

"त्याला सांगितलंत यात काय आहे ते?"

पुरुषोत्तमराव जरा चिडलेच. "त्यात सांगायचं काय? शंकराचा प्रसाद आहे तो. आपल्याकडे दुकानात मिळते भांग. मी काय गर्द पाठवतोय?"

मालिनीबाई खुर्चीवर बसल्या. "आपल्याकडची सूट आपल्याबरोबर विमानात बसून येत नाही. इथल्या कायद्याला गांजा, चरस, भांग सगळं एकच. चिलमीत घाला नाहीतर वडीत घाला."

"पण तुम्ही लोक तर पिस्तुलं आणि सुऱ्या शोधता ना?"

"शोधतो तेच. मिठाईच्या मागे कुणी लागत नाही. पण स्टीलचा डबा मशिनमध्ये नुसता काळा दिसतो, म्हणून आम्ही तो उघडायला लावतो. आणि असलं काही दिसलं की पोलिसांना बोलवावंच लागतं. पुढचं आमच्या हातात राहत नाही."

"मला माहीत नव्हतं म्हणेल तो."

"मग कुणी दिलं, असं विचारतील. तुमचं नाव सांगेल तो?"

शरयूच्या आजारपणात हाच अतुल रोज संध्याकाळी हॉस्पिटलात येऊन बसायचा. तो काकांचं नाव सांगणार नाही, हे पुरुषोत्तमरावांना पक्कं ठाऊक होतं.

"स्टुडंट व्हिसावर आहे तो," मालिनीबाई म्हणाल्या. "त्याचं शिक्षण, नोकरी, सगळं त्या डब्यात घालून पाठवलंत तुम्ही. आणि त्याला विचारलंही नाहीत."

पुरुषोत्तमराव उठले, कोट घेतला आणि गाडीकडे धावले.

बर्फाने रस्ता तुंबला होता. विमानतळावर पोचले तेव्हा तपासणीच्या रांगेत अतुलच्या पुढे तीनच माणसं उरली होती. पुरुषोत्तमरावांनी त्याचा दंड धरून त्याला रांगेबाहेर ओढलं.

"डबा दे."

"काका? काय झालं?"

खोटं सांगणं सोपं होतं. चुकीचा डबा दिला, वड्या आंबल्या, काहीही चाललं असतं. पण आधीच एवढं लपवल्यावर वर खोटं त्यांच्याच्याने बोलवेना.

"त्यात भांग आहे. मी तुला सांगितलं नाही. तू अडकला असतास, बाळा."

अतुलने टेबलाकडे पाहिलं. तिथे एका बाईंचा केकचा डबा उघडायला लावला होता. त्याने डबा काढून दिला. जाताना एवढंच म्हणाला, "काका, तुमचा डबा होता म्हणून मी विचारलं नाही."

ते वाक्य पुरुषोत्तमरावांना थपडेसारखं लागलं. घरी येऊन त्यांनी सगळ्या वड्या आणि उरलेली पूड पाण्यात कालवून मोरीत ओतली, डबा घासला आणि फोन उचलला.

सगळं ऐकून त्र्यंबक म्हणाला, "पुरुषा, मला डायबेटिस आहे. चार वर्षं झाली, गोडाला हात लावत नाही मी."

म्हणजे ज्या वड्यांपायी एका पोराचं आयुष्य पणाला लागलं, त्या कुणी खाल्ल्याही नसत्या!

"मला काय माहीत? तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, वहिनी गेल्यावर तुला एकटंच राहायचं असेल."

"मला वाटलं, तू विसरलास."

शेवटी त्र्यंबक म्हणाला, "डबा नको. तू ये."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पुरुषोत्तमराव डॅलसला निघाले. शेजारच्या सुलभाताई एक पुडकं घेऊन आल्या. "माझ्या बहिणीला द्याल?"

"देईन. आधी उघडून दाखवा."

सुलभाताईंचं तोंड उतरलं. पण त्यांनी गाठ सोडली. आत कुरडया होत्या.

मित्रहो, देवाचं नाव घेतल्याने कायदा बदलत नाही, आणि आपण ज्याला प्रसाद म्हणतो तो दुसऱ्या देशात गुन्हा असू शकतो. दुसऱ्याच्या हाती काही देताना आत काय आहे ते सांगून द्यावं, आणि नेणाऱ्याने विचारून न्यावं. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. अतुलने विचारलं नाही तो त्याचा विश्वास होता. तो सांभाळायचं काम देणाऱ्याचं होतं.

विमानतळावर तपासणीच्या टेबलाशी पुरुषोत्तमरावांनी शरयूचा डबा स्वतःच उघडून पुढे केला. आत खारे शेंगदाणे होते. टेबलापलीकडच्या माणसाने ते पाहिले आणि हसून त्यांना पुढे जायला सांगितलं.