एतेरीचं लायसन

एतेरीला गाडी येत नव्हती असं मुळीच नाही. तिकडे जॉर्जियात, रिकोतीच्या घाटात, अक्रोडांची पोती लादलेली नवऱ्याची खटारा गाडी तिनं अठरा वर्षं चालवली होती, तीही बर्फात. पण इटलीत तिचं ते लायसन पहिलं वर्षभरच चालणार होतं, आणि त्या वर्षात तिला गाडी लागलीच नाही. म्हाताऱ्या माणसांची उस्तवार करायला आलेल्या बाईच्या हातात गाडी देतो कोण? सहा वर्षांनी गरज पडली तेव्हा सरकार म्हणालं, पहिल्यापासून शिका. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाई 'थांबा' या पाटीचा अर्थ पाठ करायला बसली.

गरज पडली ती नोन्ना, म्हणजे आजी, नुन्त्सियामुळे. शहाऐंशी वर्षांची नुन्त्सिया गावापासून सात किलोमीटरवर, ऑलिव्हच्या बागेतल्या घरात राहायची आणि एतेरी तिच्यासोबत. डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात, रविवारी चर्चला शेजारचा मिम्मो नेऊन आणायचा. मिम्मोची नजर गेली आणि त्याच्या मुलीनं किल्ली काढून घेतली. त्यातच जानेवारीत एकदा नुन्त्सियाचा श्वास अडकला. अँब्युलन्सवाल्यांना बागेची वाट सापडेना, त्यांना पोचायला पन्नास मिनिटं लागली. तोपर्यंत एतेरी तिला छातीशी धरून बसली होती आणि नवऱ्यामागे राहिलेली नुन्त्सियाची पांढरी गाडी दाराशी नुसती उभी होती.

मुलगा कोसिमो तोरिनोहून धावत आला. तो म्हणाला, "आई, मे संपेपर्यंत या घरात गाडी चालवणारं माणूस पाहिजे. नाहीतर तू शहरातल्या वृद्धाश्रमात. मी नाव नोंदवून ठेवलंय."

"मला तिथं नेलंस तर महिन्यात मरेन मी."

"इथं राहिलीस तर पन्नास मिनिटांत मरशील."

कोसिमो दुष्ट नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या मुलापुढे आईचं काही चालत नाही.

मग स्वयंपाकघरात शाळा भरली. लेखी परीक्षेचे प्रश्न सगळे 'बरोबर की चूक'वाले, तेही असल्या आडवळणी इटालियनमध्ये की इटालियन माणसानंही डोकं खाजवावं. नुन्त्सिया चष्मा लावून मास्तरीण व्हायची. तिनं स्वतः जन्मात कधी चाक धरलेलं नव्हतं.

"'पिवळा दिवा दिसताच वेग वाढवावा.' बोल पोरी."

"चूक."

"चूक कशी? आमचे हे तर नेहमी वाढवायचे!"

"नोन्ना, पुस्तकात काय आहे ते सांगा."

"पुस्तकात चूक लिहिलंय. पण ते लिहिणारा आमच्या ह्यांच्या गाडीत कधी बसलेला नाही."

लेखी परीक्षेत एतेरीच्या दोनच चुका निघाल्या. नुन्त्सियानं ही बातमी फोनवरून कोसिमोला अशी सांगितली, जणू स्वतःच पास झाली.

खरी अडचण पुढेच होती. ड्रायव्हिंग शिकवणारा दोनातो पहिल्या दिवशी खूश झाला. क्लच, गिअर, चढ, उतार, बाईला सगळं येत होतं. मग गाडी मोठ्या चर्चसमोर आली आणि एतेरीचा उजवा हात चाक सोडून कपाळाकडे गेला.

"अहो बाई, हात! हात कुठं चालला?"

"चर्च आलं."

"आलं तर आलं! ते काय रस्ता ओलांडतंय?"

एतेरीच्या मुलखात चर्च दिसलं की अख्खी बस एकदम क्रूसाची खूण करते, एकदा नाही, तीनदा, आणि ड्रायव्हरसकट. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट हात न उचलणं म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस रस्त्यात भेटावं आणि आपण मान फिरवून निघून जावं, तसं. घाटात, बर्फात, पोत्यांच्या ओझ्यानं मागचं चाक सरकत असतानाही तिनं ही खूण कधी चुकवली नव्हती. आणि या एवढ्याशा गावात चर्चं होती अकरा.

दोनातोनं समजावलं, ओरडून पाहिलं, एकदा तर हातावर चापट मारली. शेवटी म्हणाला, "जिभेनं करा. तोंडातल्या तोंडात. देवाला आतलंही दिसतं."

एतेरीला राग आला. दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नुन्त्सियाला सांगितलं, तर म्हातारीनं चाक म्हणून पातेल्यावरचं झाकण तिच्या दोन्ही हातांत दिलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर उभी राहून मध्येच ओरडायला लागली, "चर्च! ...गाय! ...पुन्हा चर्च!" एतेरीची जीभ आत वळवळायची, झाकण मात्र हलायचं नाही. दोघी हसून हसून बेजार झाल्या. असं तीन आठवडे चाललं.

परीक्षा सत्तावीस मेला होती. दोनातो तिच्या शेजारी आणि परीक्षक मागच्या सीटवर बसला. त्याला सगळे इंजिनिअरसाहेब म्हणत. एतेरीनं गाडी काढली. मोठं चर्च गेलं, हात चाकावर. मठ गेला, हात चाकावर. चढावर गाडी थांबवून सोडली, दोन गाड्यांच्या मध्ये एका फटक्यात लावली. इंजिनिअरसाहेबांनी मागून विचारलं, "कुठं शिकलात?"

"घाटात."

"दिसतंय," ते म्हणाले. "चला, परत ड्रायव्हिंगच्या शाळेकडे. झालं तुमचं."

आरशात तिला दिसलं, त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं आणि फाइलीतून तिचं लायसनचं कार्ड बाहेर आलं होतं, तिच्या फोटोचं, नवंकोरं. नुन्त्सिया आता कुठं जाणार नव्हती. शाळा एका वळणावर होती, आणि त्या वळणावर एक छोटं, पत्रे ठोकून बंद केलेलं चर्च होतं, ज्याच्याकडे गावातलं कुत्रंही बघत नसे. एतेरीनं पाहिलं. जिभेनं भागणारं ते नव्हतं. आभार मानायचे होते. तिचा हात वर गेला. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा जाईपर्यंत दोनातोनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर, गाडीपासून हातभर अंतरावर, पावाची पिशवी घेतलेला एक म्हातारा उभा होता. त्याला वाटलं, बाई आपल्यासाठीच थांबली. त्यानं टोपी उचलून तिचे आभार मानले आणि सावकाश पलीकडे गेला.

इंजिनिअरसाहेबांनी पेनाला टोपण परत लावलं.

"शिक्षकाला ब्रेक मारावा लागला, सिन्योरा," ते म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

"मी देवाचे आभार मानत होते, साहेब."

"कळलं मला." त्यांनी कार्ड फाइलीत परत ठेवलं.

दोनातोनंच तिला घरी सोडलं. नुन्त्सिया दारात उभी होती, चांगला गाऊन घालून, ओठांना हलकासा रंग लावून. एतेरीनं काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली आणि म्हणाली, "आभार पाच मिनिटांनी मानले असतेस तर चाललं नसतं का गं?" लगेच तिनं जीभ चावली, एतेरीचा तोच उजवा हात धरला आणि किती वेळ सोडला नाही. एतेरी त्या दिवशी देवावर रागावली. त्यानं आपल्याला बोलावून स्वतःच्याच दारात पाय ओढला, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

पुन्हा परीक्षेला महिना तरी जाणार होता. कोसिमो फोनवर म्हणाला, "आश्रमात आजच एक जागा रिकामी झालीय. महिनाभर कोण ठेवणार ती?" नुन्त्सियानं मुलाकडे भीक मागितली. तिला असं मागताना कधी न पाहिलेली एतेरी उठून अंगणात गेली. शेवटी कोसिमो म्हणाला, "बरं, ती पास झाली की बघू." नुन्त्सियानं तो 'बघू' पदरात घट्ट बांधून घेतला. सोमवारी मुलाच्या गाडीत बसताना ती एतेरीला म्हणाली, "तू फक्त पास हो. मग मी येतेच."

एतेरी गावात एका जॉर्जियन बाईच्या खोलीत खाटेवर राहिली, दिवसा लोकांचे जिने धुतले. जुलैच्या चार तारखेला तिनं पुन्हा परीक्षा दिली. या वेळी चाकावरचे तिचे हात खिळ्यांनी ठोकल्यासारखे होते. कार्ड हातात पडलं. दोनातोनं तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तिनं तिथूनच नुन्त्सियाला फोन केला.

"नोन्ना, पास!"

पलीकडून आधी रडणं आलं, मग, "मी बॅग भरते."

गाडी आणायला म्हणून दोनातोनं तिला बागेपाशी सोडलं. फाटकावर नवी रंगीत पाटी होती. कुंपणाच्या भिंतीवर पोहण्याचे कपडे वाळत होते. सोनेरी केसांची दोन पोरं अंजिराच्या झाडावर चढली होती, आणि गाडी उभी असायची त्या जागी छत्री आणि आरामखुर्च्या होत्या. एका परदेशी बाईनं हसून तिला पाणी विचारलं.

कोसिमोनं तिसऱ्या रिंगला फोन उचलला. "गाडी विकली, एतेरी. घर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं दिलंय, पुढच्या उन्हाळ्याचंही ठरलंय. आश्रमाचं त्यातूनच भागतं. मी तरी काय करू?" मग हळूच म्हणाला, "आईला सांगू नका."

आश्रमापर्यंत बसनं तासभर लागला. वाटेत एतेरीनं तीन थापा जुळवल्या. गाडी दुरुस्तीला दिलीय. घराचं छप्पर काढलंय. कोसिमो स्वतः न्यायला येणार आहे.

नुन्त्सिया दिवाणखान्यात दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. जुलैच्या उकाड्यात अंगात कोट, पायात बाहेरचे बूट, शेजारी बॅग.

"दाखव," ती म्हणाली. कार्ड तिनं डोळ्यांजवळ नेलं. "फोटोत केवढी घाबरलीयस!" मग एतेरीच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली. "चल. गाडी कुठं लावलीस?"

एतेरीनं तिच्या बुटांकडे पाहिलं. नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली होती. म्हातारीचे हात थरथरायचे, ती गाठ मारायला तिला किती वेळ लागला असेल, ते एतेरीला ठाऊक होतं.

"गाडी नाही, नोन्ना. घरात पाहुणे राहतात. कोसिमोनं भाड्यानं दिलंय."

"माझ्या खोलीत पण?"

"हो."

नुन्त्सिया परत खुर्चीवर बसली. तिनं कोटाचं वरचं बटण काढलं, मग थांबली. हातातलं कार्ड उलटंसुलटं करून पाहत राहिली.

"मग हे काढलंस कशाला गं?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. एतेरी खाली बसली, तिनं बुटांच्या गाठी सोडल्या, बॅग उचलून खोलीत नेली आणि रात्रीचे गाऊन, औषधं, कंगवा, सगळं पुन्हा कपाटात लावलं. सहा वाजता जेवणाची घंटा झाली. सगळे उठून गेले तरी नुन्त्सिया जागची हलली नाही, आणि ते कार्डही तिनं परत दिलं नाही.