माहेरची फियाट

सुंदराला भाऊ नव्हता. बाकी सगळं होतं. सुरतेच्या बमरोलीत पत्र्याची खोली होती, गुजराती शाळेत जाणारी लेक उज्ज्वला होती, आणि कापडाच्या लूमवर उभं राहून छातीचं खोकं झालेला नवरा होता. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खान्देशातल्या बायकांना माहेरी न्यायला भाऊ यायचे, पिशवी काखेत मारून दारात उभे राहायचे. तेव्हा सुंदरा घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची.

नवऱ्याला, सुकदेवला, डॉक्टरने साफ सांगितलं होतं, जगायचं असेल तर लूम सोड. सोडून करायचं काय? गावी असताना तो जीप चालवायचा. एखादी जुनी गाडी घेतली तर स्टेशनवरची भाडी मारता येतील, एवढाच काय तो मार्ग होता. मग उज्ज्वलाने गुजराती वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून दाखवली. फियाट, चालू हालत, तातडीने विकायची.

फोनवर गाडी विकणारा छगन गुजराती बोलला. पर्वत पाटिया नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटला तेव्हाही गुजरातीच. सुकदेव बायकोकडे वळून म्हणाला, "गाडी ते बरी दिखस," आणि छगनचा चेहराच उजळला.

"अरे, तुम्ही आपला खान्देशना का?"

झालं! सुंदरा विरघळली. तिने गावाचं नाव सांगितलं, तो म्हणाला, मना मामानं गाव तेच. तिने वेशीवरच्या निंबाचं सांगितलं, तो म्हणाला, त्या निंबखाले मी खेळेल शे. सासरी कुणी विचारत नाही तेवढं त्याने तिला विचारलं, आणि शेवटी म्हणाला, "तुले भाऊ नही ना? मग मी शे. आखाजीले तुले लेवाले येसू, याच गाडीवर!"

गाडी इतकी स्वस्त का, तर म्हणे गाडीचा मालक शेठ प्लेगच्या वेळी सुरत सोडून पळाला तो परतलाच नाही. हे पटण्यासारखं होतं, तेव्हा अर्धं शहर पळालं होतं. पण मग इतरही गोष्टी होत्या. छगन कधी घराचा पत्ता सांगेना. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, असं रोज म्हणे. गाडी जुनाट आणि नंबरप्लेट मात्र कोरी करकरीत. हे सगळं सुंदराने पाहिलं. पाहिलं आणि गिळलं.

शेजारचा आनंदा बीडकडचा, गॅरेजात हेल्पर. त्याने दारात येऊन सांगितलं, "वैनी, इंजनावरचा नंबर कागदाशी जुळवून बघा. पैशाआधी आरटीओत जाऊन या. घाई करतोय तो माणूस मला बरा वाटत नाही."

"माहेरच्या माणसाला कागद मागू, भाऊजी? ओवाळलंय मी त्याला," सुंदरा फणकारली.

खरंच ओवाळलं होतं. खोलीत पाटावर बसवून, कपाळाला कुंकू लावून, पुरणपोळी खाऊ घालून. सुकदेवला आनंदाचं म्हणणं पटत होतं, पण बायकोचा चेहरा पाहून तो गप्प बसला. आईने दिलेली सोन्याची पोत सुंदराने मोडली आणि पैसे स्वतःच्या हाताने छगनच्या हातात ठेवले. कागद उद्या नावावर करू, असं तो म्हणाला.

तो उद्या आलाच नाही. फोन कुठल्याशा पानवाल्याचा निघाला. चारच दिवस सुकदेवने भाडी मारली. त्या दिवसांत त्याचा खोकला खरोखर कमी झाला होता, हे सुंदरा जन्मभर विसरणार नाही. मग उधन्याला पोलिसांनी गाडी अडवली. नंबर एका स्कूटरचा होता. इंजिनावरचा आकडा घासून काढलेला. गाडी नवसारीहून चोरलेली.

चौकीत हवालदाराने विचारलं, विकणारा कोण, राहतो कुठे, ओळख काय? सुंदरा म्हणाली, "भाऊ." हवालदार हसला. तिथे बाकावर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की गावाचं नाव, वेस, निंब, सगळं आधी तिनेच सांगितलं होतं. त्याने फक्त मान डोलावली होती.

सुकदेव दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लूमवर जाऊ लागला. तो शिव्या देता तरी सुंदराला बरं वाटलं असतं. आनंदा बायको अनुसयाच्या हाती भाकरी पाठवत राहिला. त्याने तर तिचं काळीज आणखीच फाटत गेलं.

आखाजी आली. आसपासच्या बायका पिशव्या भरून निघाल्या. सुंदराने पितरांसाठी घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आईबापाचं नाव घेतलं. मग तिने दुसरी लहान घागर काढली आणि तीही काठोकाठ भरली.

सुकदेव पाळीवर निघाला होता. दारात थांबून, खोकत त्याने विचारलं, "ही कोणासाठे?"

"भाऊसाठे."

"अव, तो ते जित्ता शे ना!"

"मनासाठे जित्ता नही," सुंदरा म्हणाली, आणि तिने घागरीला कुंकू लावलं.