तिसऱ्या फळीखालचा कप्पा

मित्रांनो, मी एका जुन्या लाकडी कपाटातला चोरकप्पा आहे. तुम्ही मला कधी पाहिलेलं नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मी दिसू नये म्हणूनच मला केलं गेलं. कपाटाची तिसरी फळी वरून अगदी साधी दिसते. तिचा मागचा डावा कोपरा दाबून ती पुढे ओढली की खाली मी असतो, चार बोटं खोल. उजेड माझ्या वाट्याला फार थोडा आला.

मला घडवणारा सुतार बोलका होता. तो कपाट पोचवायला आला तेव्हा घरात नुकतं लग्न होऊन आलेली बाई एकटीच होती. त्याने तिला माझी खुबी दाखवली आणि वर सल्लाही दिला, की वहिनी, हे घरात दोघांनाही माहीत असू द्या. तिने मान हलवली. नवऱ्याला मात्र तिने ते सांगितलं नाही.

तिला नावं ठेवण्याआधी तिच्या नवऱ्याबद्दल ऐका. तो घड्याळजी होता. बोटं इतकी नाजूक की मुंगीएवढे स्क्रू बसवायचा, पण हात सैल. कोणी दारात उभं राहून रडकं तोंड केलं की याचा खिसा रिकामा. गल्लीत त्याला ‘दानशूर’ म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की हसायचे. महिन्याच्या वीस तारखेला घरात खडखडाट असे. बाई पडदे शिवत असे. तिने एक नियम केला. शिवणाचे पैसे हातात आले की आधी थोडे माझ्यात, मग उरलेल्यात घर. वीस पडद्यांतले चार पडदे माझे, असा तिचा हिशोब होता.

ती माझी उमेदीची वर्षं. मुलगी झाली, तिला ताप आला, तिची शाळा सुरू झाली, पाय वाढला, बूट लहान झाले. प्रत्येक वेळी फळी सरकायची, तिची बोटं आत यायची आणि घर तरून जायचं. घड्याळजी कौतुकाने म्हणायचा, की हिच्या हाताला बरकत आहे. खरी बरकत कुठे होती ते मला ठाऊक होतं. मी थोडा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

मग रस्ता रुंद करायला दुकानांची रांग पाडली. घड्याळजीचं दुकान गेलं. नवं मिळेपर्यंत सात महिने तो खिडकीत बसून लोकांची जाणारी पावलं बघत होता. त्या सात महिन्यांचं भाडं, किराणा आणि मुलीची फी माझ्यातून गेली. एकदा त्याने विचारलं, की हे सगळं कुठून येतंय. ती म्हणाली, शिवणाचे आगाऊ मिळालेत. तिला खोटं बोलता येत नव्हतं, त्यामुळे तिची मान खाली गेली. त्या खाली गेलेल्या मानेचा त्याने भलताच अर्थ लावला. त्याला वाटलं, बायकोने कुणाकडून तरी उसने घेतलेत आणि सांगायला लाजते आहे.

मित्रांनो, त्या दिवसापासून तो माणूस बदलला. नसलेलं कर्ज फेडायचं म्हणून त्याने आपले हात आवळले. चहा सोडला, बस सोडली. दुकानापर्यंत तासभर चालत जायचा, त्याच चपलेला तीनदा तळ लावून. दारात आलेल्याला ‘जमणार नाही’ म्हणायला शिकला. दर महिन्याला तो बायकोच्या हातात जादा पैसे द्यायचा आणि कशासाठी ते सांगायचा नाही. तीही विचारायची नाही. ते पैसे ती गुपचूप माझ्यात टाकायची. मी फुगत गेलो आणि तो वाळत गेला.

आता त्याला सांगायला काय हरकत होती? पण लग्न होऊन परगावी गेलेली मुलगी एकदा माहेरी आली, तेव्हा आई तिच्याजवळ बोलताना मी ऐकलं, “आता कुठल्या तोंडानं सांगू? म्हणतील, इतकी वर्षं माझ्यावर विश्वास नव्हता.” मुलीला वाटलं, आई कसल्यातरी जुन्या भांडणाबद्दल बोलते आहे. तिने विषय बदलला.

पुढे त्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. तो म्हणाला, पैसे आले की बघू. त्या दुपारी तिने मला उघडलं, सगळी पुडकी आणि सोन्याची चार नाणी फळीवर मांडली आणि ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. जिन्यात त्याची काठी वाजली. आता ही सांगणार, असं मला वाटलं. पायऱ्या चढून तो आत आला तोवर सगळं पुन्हा माझ्या पोटात होतं आणि वर साड्यांची घडी होती. मला तिचा राग आला. अजूनही येतो.

त्यानंतर ती विसरू लागली. आधी नोटा मोजून झाल्या की तासाभराने पुन्हा मोजायची. मग माझी खुबीच तिच्या मनातून गेली. पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात ती शोधत राहायची. आणि एके सकाळी, इतक्या वर्षांनी, तिने नवऱ्याला सांगितलं.

“अहो, कपाटात पैसे आहेत. खूप आहेत.”

तो उठला. गुडघे धरत कपाटापाशी आला, एकेक साडी झटकून पाहिली, तिसऱ्या फळीवरून तळहात फिरवला. माझ्यावरून, मित्रांनो! मधे बोटभर लाकूड होतं. मला ना तोंड, ना हात. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की अशा आजारात लोकांना असे भास होतात, वाद घालू नका. तेव्हापासून तिने पैशांचं काढलं की तो म्हणायचा, “हो, आहेत. पुष्कळ आहेत.” आणि तिचे केस विंचरायला घ्यायचा.

तिला दिवसभर सांभाळायला बाई ठेवावी लागली. त्या बाईचा पगार द्यायला त्याने आधी दुकान विकलं, मग हत्यारांची पेटी. आजारी बायकोसाठी खोलीत लोखंडी खाट आणायची होती आणि खाटेला जागा नव्हती. म्हणून जुनं सामान घेणारा आला. घड्याळजीने घासाघीस केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ती जमली. हमालांनी कपाट उचललं तेव्हा तिने कपाटाच्या दाराची कडी दोन्ही हातांनी धरली, ती सोडेना. तो तिची बोटं एकेक करून सोडवत म्हणाला, “जाऊ दे गं. बघ, किती आले. या महिन्याच्या पगाराची सोय झाली.”

माझ्यात त्या बाईच्या सहा वर्षांच्या पगाराची सोय होती. पंधरा वर्षांची असती. पण पडून राहिलेल्या नोटांना दरसाल कमी सामान मिळतं, हे घड्याळजीच्या बायकोला कुणी समजावलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं कुणाला.

आता मी एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे. माझ्या फळीवर पट्ट्या आणि कापूस ठेवतात. कपाट मजबूत आहे, असं सगळे म्हणतात.

मित्रांनो, पैसा जरूर जमवा. थेंबे थेंबे तळे साचे, हे खोटं नाही. पण तळं कुठे आहे ते घरातल्या माणसाला सांगून ठेवा. तुमच्या आईने काही लपवलं असेल तर तिच्यावर हसू नका, शेजारी बसून विचारा. ती सांगेपर्यंत बसा.

मी अजून भरलेला आहे. त्या घरात मात्र महिना संपत आला असेल.